मीटरमधला बदाम

“हेही गेलं,” काका म्हणाले, आणि नारळ घेताना हलवतात तसं बीपीचं मशीन त्यांनी कानाशी धरून हलवून पाहिलं.

आत्या दिवाणावर हात लांब करून बसली होती. तिच्या दंडाला पट्टा होता, पट्ट्याची नळी काकांच्या मांडीवर होती आणि मन गॅसवरच्या पुरणात होतं.

“किती आलं?” तिनं विचारलं.

“ई.”

“ई म्हणजे?”

“एरर. काल एकशे साठ दाखवलं, लगेच परत लावलं तर एकशे बारा, आज नुसतं ई. आणि तो बदाम परत लुकलुकायलाय कोपऱ्यात.”

“बघू.” तिनं चष्मा वर सरकवून मशीनमध्ये डोकावलं. “अगंबाई, खरंच की! बघ रे भोप्या, पत्त्यांतल्यासारखा चांगला बदाम आहे. एवढी वर्षं झाली लग्नाला, ह्यांनी कधी दाखवला नाही. मशीननं पहिल्याच दिवशी दाखवला.”

“बॅटरी उतरली की दाखवतंय ते,” काका म्हणाले.

“बॅटरी कालच घातलीय तुम्ही.”

“मग लूज काँटॅक्ट असणार.”

भोप्या म्हणजे मी. कागदोपत्री माझं नाव मंदार आहे, पण जन्मलो तेव्हा मी बराच गोल होतो आणि आत्याच्या तोंडातून एकदा निघालेलं नाव परत आत जात नसे. तिचं स्वतःचंही तसंच. चौसष्टाव्या वर्षीही अख्खं विश्रामबाग तिला बेबीताई म्हणायचं. इंदुमती हे तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. काका तिला ‘अगं’ म्हणत, ती त्यांना ‘अहो’ म्हणे, आणि दोघांचं या दोन-दोन अक्षरांत व्यवस्थित चाललं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सांगलीत डिप्लोमा करायला म्हणून मी तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडं राहायला आलो होतो आणि जागा चांगली भरून काढली होती.

हे बीपीचं मशीन तिसरं. पहिली दोन काकांनी दुकानात नेऊन बदलून आणली होती. आता काका लांबून येताना दिसले की दुकानदार जेवायला जायचा, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. काकांनी तिसरं मशीन माझ्या दंडाला लावलं. एकशे अठरा, शहात्तर. स्वतःला लावलं. व्यवस्थित. पुन्हा आत्याला लावलं. ई, आणि बदाम.

“बघा, लूज काँटॅक्टच,” काका म्हणाले. “उद्या जाऊन बदलतो.”

“अहो, पण माझ्या छातीत लाह्या फुटायल्यात ते?”

“कधीपासून?”

“झाले की चार-सहा महिने. मध्येच सुरू होतात. एक फुटते, मग तीन एकदम, मग गप. मग परत दोन. जिना चढला की जास्त.”

“तिखट-मीठ लाव आत्या, भडंग होईल,” मी म्हणालो, आणि आम्ही तिघंही हसलो. आत्या सगळ्यात जास्त. तिची अडचण ही होती की ती जे काही बोलायची ते विनोदी असायचं. लाह्या फुटतात हे तिनं रडत सांगितलं असतं तर काकांनी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं असतं. पण तिला रडत सांगता यायचं नाही. तो विभागच तिच्याकडं नव्हता.

काकांचं म्हणाल तर ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. मीटर तपासणं हे त्यांचं काम. ज्याचं बिल जास्त आलं तो तणतणत त्यांच्या टेबलापुढं यायचा, मीटर पळतंय म्हणायचा, आणि काका मीटर तपासून सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचे : “मीटर बरोबर आहे. लिकेज तुमच्या घरात आहे.” फारच भांडला कोणी तर दुसरं मीटर बसवून द्यायचे, त्यानंतर तिसरं. तिन्हींचं रीडिंग सारखं आलं की पुन्हा तेच वाक्य. एका गृहस्थांनी मीटरला गणपतीसमोर शपथ घालायची मागणी केली होती. काका मीटर काखेत मारून देवळात गेले. मीटर काही बोललं नाही. काका म्हणाले, बघा, त्याचं मन साफ आहे.

त्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचं, मुक्ताचं केळवण होतं. लग्न पंधरवड्यावर आलेलं, आई-बाबा कोल्हापूरला पत्रिका वाटत फिरत होते, आणि नवऱ्या मुलीला जेवू घालायचा पहिला मान आत्याचा. पण मुक्ता काही पुरणपोळीसाठी आली नव्हती. तिला उखाणा हवा होता.

आत्याच्या उखाण्यांना आमच्या भागात मागणी होती. चांदीची वाटी, गुलाबाचं फूल, देवापुढची समई असला माल ती ठेवत नसे. दोन-चार दिवस आधी नवऱ्याचं नाव आणि एखादी खोड सांगायची, उखाणा मिळायचा. फुकट. मी आल्यापासून आम्ही दोघं मिळून रचायचो. कांदे चिरता चिरता ती पहिली ओळ टाकायची, मी दुसरी, आणि यमक नीट बसलं नाही तर ती सुरी माझ्याकडं रोखून म्हणायची, “हे यमक नाही, ही फसवणूक आहे.” अर्थाला तिचा आग्रह नव्हता. अर्थ येईल न येईल, यमक आलंच पाहिजे. आणि काकांचं नाव ती तेवढं उखाण्यातच घ्यायची, एरवी कधीच नाही. बँकेत एकदा कारकुनानं मिस्टरांचं नाव विचारलं तर तिनं काउंटरवर उखाणा घेतला होता :

“पातेल्यात दूध, दुधावर साय,
त्र्यंबकराव विचारतात, जेवायला काय?”

रांगेतले लोक टाळ्या वाजवायला लागले. काका मागंच उभे होते. ते एवढंच म्हणाले, “मी कधी विचारलं असं?”

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ती उखाणा घ्यायची, ते हे विचारायचे. ते स्वतः मात्र कधी उखाणा घेत नसत. लग्नातसुद्धा घेतला नव्हता म्हणे. “मला यमक जमत नाही,” म्हणाले आणि बुंदीचा लाडू खाऊन टाकला.

तर पानं मांडली. मुक्ता पाटावर, शेजारी कोथळेकाकू, पुढं गल्लीतल्या दोघी-तिघी. कोथळेकाकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या आणि बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. त्यांचा आवाज कायम चौथ्या गिअरमध्ये.

“बेबीताई, आधी उखाणा! त्याशिवाय घास उचलणार नाही आम्ही.”

“त्र्यंबकरावांनी घ्यावा की आज,” कोणीतरी म्हणालं.

“मला यमक जमत नाही,” काका म्हणाले आणि कुरडईकडं वळले.

आत्या तुपाचं भांडं घेऊन उभी होती. आम्ही सकाळीच रचून ठेवला होता : मुक्ताच्या केळवणाला पुरणाचा घाट, त्र्यंबकराव बघतात बाराव्या पोळीची वाट. मी कोपऱ्यात उभा राहून काकांच्या तोंडाकडं बघत होतो. ‘बाराव्या’ला त्यांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

“मुक्ताच्या केळवणाला,” आत्यानं सुरुवात केली, “पुरणाची…”

ती थांबली.

“पुरणाची… खिडकी.”

हशा पिकला. कोथळेकाकूंना ठसका लागला. पुरणाची खिडकी! मीही हसलो. मला वाटलं, आयत्या वेळी बदलला. बदलायची ती कधी कधी, मला चकवायला.

“त्रं…” आत्या म्हणाली. “त्रं… चप्पल.”

बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मुक्ता डोळे पुसत म्हणाली, “आत्या, माझ्या लग्नात हाच घेणार मी!” आणि आत्याही हसली. थोडीशी. म्हणजे तिच्या चेहऱ्याचा एक भाग हसला.

मी हसायचं थांबलो ते त्या चेहऱ्यामुळं नाही. तो मला नंतर दिसला. मी थांबलो ते खिडकी आणि चप्पल यांच्यामुळं. त्यांचं यमक जुळत नाही. कुठल्याही बाजूनं जुळत नाही. माझी आत्या गळ्याला सुरी लावली तरी खिडकीपुढं चप्पल ठेवणारी नव्हती.

मग तूप दिसलं. तिच्या उजव्या हातातलं भांडं हळूहळू कलत होतं आणि तुपाची धार मुक्ताच्या पानात, पानातून पाटावर, पाटावरून साडीवर चालली होती. आत्या त्या धारेकडं बघत होती. दुसऱ्याच कोणाचा तरी हात वाढतोय आणि वाढणारीला वळण नाही, असं बघत होती.

“आत्या,” मी म्हणालो, “हस बघू.”

“फोटो काढायलाय होय?” कोथळेकाकू पदर सारखा करू लागल्या.

आत्या हसली. डावीकडून.

“दोन्ही हात वर कर.”

डावा वर गेला. उजवा निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. भांडं खणकन खाली पडलं.

हे मला कसं माहीत, ते सांगतो. कॉलेजात एका डॉक्टरांचं भाषण झालं होतं. हजेरी लागणार होती म्हणून आम्ही गेलो होतो. ते डॉक्टर स्टेजवर स्वतःच हसून दाखवायचे, हात वर करायचे, ‘बोला, बोला’ म्हणायचे, आणि यातलं एक जरी बिघडलं तरी ‘पळा!’ असं ओरडून खरोखर विंगेत पळत जायचे. गॅदरिंगला मी त्यांची नक्कल केली होती. बक्षीस मिळालं होतं. नक्कल करायची म्हणून ते भाषण मला पाठ झालं होतं, नाहीतर त्यातलं अक्षर माझ्या डोक्यात राहिलं नसतं.

“पॅरालिसिसचा झटका आहे हा,” मी म्हणालो. “निघा.”

कोणी हललं नाही. मी बोललेलं कोणी गांभीर्यानं घ्यावं असं मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

“साखर उतरली असेल, गूळ द्या,” एकजण म्हणाली.

“सरबत करा लिंबाचं.”

“काही देऊ नका तिला!” मी ओरडलो. माझा ओरडलेला आवाज घरात कोणी ऐकलेला नव्हता. मीही नाही.

काका तोवर मशीन घेऊन आले होते. त्यांनी आत्याला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, बटण दाबलं. पट्टा फुगला, फुस्स झाला. कोपऱ्यात बदाम लुकलुकत होता.

“मशीन…” काका म्हणाले.

“काका, गाडी.”

काकांची गाडी कव्हरमध्ये होती. कव्हराला नाड्या होत्या आणि नाड्यांच्या गाठी काकांनी स्वतः मारलेल्या होत्या, चोराला सुटू नयेत अशा. त्या काकांनाही सुटायच्या नाहीत. मुक्ता रुग्णवाहिकेला फोन लावत होती, पण ती दुसऱ्या पेशंटला आणायला गेली होती. तेवढ्यात कोथळेकाकू खरकट्या हातानं उठल्या. “माझी काढते,” म्हणाल्या. “उचला तिला.”

आणि अशा रीतीनं माझी आत्या ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’ असं पुढं-मागं-वर लिहिलेल्या गाडीतून मिरजेला निघाली.

मागं मी, मुक्ता आणि मध्ये आत्या. पुढं काका. कोथळेकाकूंनी गाडी अशी काढली की शिकायला लागून बाराव्या दिवशी लायसनच्या परीक्षेला बसणाऱ्या बायकांचा त्यांच्यावर विश्वास का असतो ते कळलं. पण गाडी फाटकापर्यंत गेली आणि गचकन थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा गचका.

“त्र्यंबकराव!” कोथळेकाकू किंचाळल्या. “ब्रेकवरचा पाय काढा!”

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोर काहीही आलं की काका तो दाबत होते. ट्रक आला, दाबला. सायकल आली, दाबला. बाजूनं म्हैस चालली होती, तिच्यासाठीही दाबला.

“मी मुद्दाम नाही करत ओ,” काका रडवेले झाले. “पाय आपोआप जायलाय.”

“पाय वर घ्या!”

मग काका पुढच्या सीटवर मांडी घालून बसले. मिरज येईपर्यंत तसेच, पूजेला बसल्यासारखे, हात घट्ट जोडून. आणि रस्ता मोकळा होत गेला. कर्कश वाजत येणारी शिकाऊ गाडी आरशात दिसली की एसट्यासुद्धा कडेला व्हायच्या. खऱ्या रुग्णवाहिकेला लोक दया म्हणून वाट देतात, आम्हाला जिवाच्या भीतीनं देत होते.

आत्यानं डाव्या हातानं माझा हात धरला होता. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती.

“खिडकी,” ती म्हणाली.

मी काच खाली केली.

तिनं जोरात मान हलवली. तसं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो विभाग तिच्याकडं नव्हता म्हणालो ना मी, तर होता. शटर लावून ठेवलेला.

दवाखान्यातल्या डॉक्टर मगदूम फार तर तिशीच्या असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : “शेवटच्या धडधाकट कधी होत्या? नक्की वेळ सांगा.”

“कटाची आमटी वाढली तेव्हा बरी होती,” मुक्ता म्हणाली.

“कुरडया तिनंच तळल्या,” काका म्हणाले.

“घड्याळात सांगा हो.”

आमच्या घरात वेळ पदार्थांत मोजायचे. मग डॉक्टरांचं लक्ष आत्याच्या दंडाकडं गेलं. पट्टा तसाच होता, आणि नळीच्या टोकाला मशीन माझ्या हातात. गडबडीत काढायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी ते घेतलं, त्यातली मेमरी उघडून बघितली. “सकाळचं हे रीडिंग घेतलं तेव्हा बोलणं नीट होतं?”

“एकदम नीट,” मी म्हणालो. “काकांना टोमणा मारला होता तिनं. त्यानंतर उखाणा सुरू करेपर्यंत बरीच होती. तिथून इथं यायला अर्धा-पाऊण तास.”

“मग वेळ आहे.” त्यांनी आत्याला तपासणीला आत पाठवलं आणि मशीनची बटणं दाबत राहिल्या. दाबता दाबता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हा बदाम कधीपासून येतोय?”

“फॉल्ट आहे त्यात,” काका घाईनं म्हणाले. “तीनदा बदललं. मी परत देणारच होतो.”

“तिन्ही मशीनमध्ये हाच बदाम यायचा?”

“तिन्हींमध्ये.”

“तुम्हाला लावल्यावर?”

“नाही. मला नाही, ह्याला नाही. फक्त हिला.”

डॉक्टर मगदूम हळू आवाजात म्हणाल्या, “काका, मग फॉल्ट मशीनमध्ये कसा असेल?”

काका त्यांच्याकडं बघत राहिले. मला ती नजर काकांच्याच गोष्टींतून माहीत होती. टेबलापलीकडच्या माणसाची होती ती, तणतणत आलेल्या आणि वाक्य ऐकून गप्प झालेल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे एका लयीत दाबले जायला हवेत, आत्याचे नुसते थरथरत होते. ठोका कधी लवकर, कधी उशिरा, कशाचा कशाला मेळ नाही. त्यामुळं रक्त वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात साचतं, साचलं की त्याची गुठळी होते, आणि एखाद्या दिवशी ती सुटून मेंदूकडं जाते आणि तिथली रक्तवाहिनी बंद करते. ठोक्यात असा गोंधळ दिसला की मशीन बदाम दाखवतं. काही सांगायच्या का त्या, धडधड वगैरे?

“लाह्या,” मी म्हणालो. “छातीत लाह्या फुटतात म्हणायची.”

“इतकं नेमकं मला पुस्तकातसुद्धा वाचायला मिळालं नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

मेंदूत रक्तस्राव नव्हता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येणार होतं. पण त्यानंच काही जणांना रक्तस्राव होतो, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि इंजेक्शन न देता थांबलो तर? तर जीव बहुधा वाचेल, पण उजवा हात आणि बोलणं परत येईल याचा भरवसा कमी. लगेच ठरवायला हवं होतं.

काका माझ्याकडं वळले. “तू काय म्हणतोस?”

तीन वर्षांत त्यांनी मला पंख्याचा रेग्युलेटर कुठला घ्यावा हेसुद्धा विचारलं नव्हतं.

“काका, ती न बोलता राहील?” मी म्हणालो. “तुम्ही राहाल?”

“द्या,” काका डॉक्टरांना म्हणाले.

संध्याकाळी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मुक्ता आई-बाबांना आणायला स्टँडवर गेली होती. कोथळेकाकू चहा सांगायला. काकांच्या मांडीवर ते मशीन होतं. ते पट्टा गुंडाळत होते, उलगडत होते.

“अख्ख्या नोकरीत,” ते म्हणाले, “मी एक मीटर फॉल्टी म्हणून लिहिलं नाही.”

“माहितीय काका.”

“लोक हातापाया पडायचे. एकजण तर म्हणाला, माझ्या घरात लिकेज असूच शकत नाही, मी स्वतः वायरिंग केलंय. मी हसलो होतो त्याला. म्हटलं, घर आपलं असलं की माणसाला मीटर खोटं वाटतं.” त्यांनी पट्टा पुन्हा गुंडाळला. “तीन मशीनं रे. तीन. मला एकदाही वाटलं नाही, की हिच्यात…”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही काही विनोद केला नाही. आठवला होता एक.

सकाळी डॉक्टर मगदूम राउंडला आल्या तेव्हा आत्याच्या उजव्या हाताची बोटं हलत होती. “छान!” त्या म्हणाल्या आणि खिशातून पेन काढलं. “मावशी, हे काय?”

आत्यानं पेनकडं बघितलं. खूप वेळ. “खिडकी,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला कळलं की चुकलं. तिनं डोळे मिटून घेतले.

“असू दे. आणि हे?” घड्याळ दाखवलं.

आत्यानं तोंडच उघडलं नाही.

“बरं. हे कोण?” डॉक्टरांनी काकांना पुढं ओढलं. “ह्यांना ओळखता ना? काय नाव ह्यांचं?”

आत्यानं काकांकडं पाहिलं. मग नजर खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “ती त्यांचं नाव घेत नाही.”

“घेता येत नाहीये, बघतेय मी.”

“तसं नाही. ती घेतच नाही. आधीपासून. निरोगी असल्यापासून.”

डॉक्टरांनी पेन थांबवलं. “मग मला कसं कळणार, येत नाही की घेत नाही?”

“उखाण्यात घेते.”

“मग उखाणा घ्यायला सांगा की,” त्या म्हणाल्या. “नाही, खरंच. पाठ असलेलं कधी कधी आधी परत येतं. आरत्या म्हणतात माणसं, पाढे म्हणतात. करून बघू.”

मी खाटेशी गेलो. “आत्या. पातेल्यात दूध…”

तिनं माझ्याकडं बघितलं.

“पातेल्यात दूध, दुधावर…”

तिचे ओठ हलले. तो शब्द तिला समोर दिसत असणार. साय ती रोज काढायची, वाटीत साठवायची, तिचं तूप करायची. काल सांडलं ते तिचंच होतं.

“दुधावर…”

“खिडकी,” आत्या म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून वळली.

डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागतो, काही जणांना महिने लागतात, पुन्हा बोलायला शिकवणारे असतात. मुक्ता खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि मग, ती खिडकी आहे हे लक्षात येऊन, तिथून बाजूला झाली.

काका हलले नव्हते. त्यांनी घसा खाकरला. शर्टाचं वरचं बटण लावलं. वीज मंडळातून निवृत्त होताना भाषण करायचं होतं तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं आणि मग भाषण न करताच खाली बसले होते.

“मीटर होतं बरोबर,” काका म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

“मीटर होतं बरोबर, बदाम होता खरा…” ते थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. कोथळेकाकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की त्या पट्ट्याची आठवण झाली. “इंदू, आता तू लवकर…”

इंदू. हे नाव रेशनकार्डाबाहेर मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“आता तू लवकर… घरी चल.”

बोलून झालं. ते तिथंच उभे राहिले, कानापर्यंत लाल होऊन. यमक जुळलं नव्हतं. जवळपाससुद्धा गेलं नव्हतं. खरा, आणि चल.

भिंतीकडची आत्या सावकाश इकडं वळली. काकांकडं बघून तिच्या कपाळावर एक आठी उमटली. ती मला चांगली ओळखीची होती. कांदे चिरताना यायची, सुरी माझ्याकडं रोखायच्या आधी.

“घ…” ती म्हणाली.

“काय गं?” काका वाकले.

“घ… घरा.”

“हो, घरीच जायचंय.”

आत्यानं वैतागून मान हलवली. डावा हात उचलून तिनं काकांना गप्प केलं आणि एकेक अक्षर पायाखालची फरशी चाचपावी तसं चाचपत म्हणाली, “ल-व-कर… चल… घरा.”

डॉक्टर मगदूम माझ्याकडं वळल्या. “काय म्हणाल्या?”

“यमक दुरुस्त केलं,” मी म्हणालो.

काका खाली मान घालून उभे होते. “मी कधी म्हटलं,” ते कसेबसे म्हणाले, “की मला यमक जमतं?”

आत्या हसली. अजून डावीकडूनच. पण उजवीकडचा कोपराही हलला किंचित, लूज काँटॅक्ट असल्यासारखा. एकदा लागला, गेला, परत लागला.